ऑपरेटरला ऐकता येतं का?

"मग किल्ली कुणाकडं असते?" कलाताईंनी विचारलं.

मी त्यांना नव्या फोनच्या पडद्यावरचं चिमुकलं कुलूप दाखवत होतो. फोन लागला, पलीकडच्यानं उचलला, की कोपऱ्यात ते उमटायचं. सोलापूरच्या देगावकर टॉवेल्सच्या ऑफिसात चार दिवसांत मी साठ फोन बसवले होते आणि ऑपरेटरला समजावून देणं एवढंच काम उरलं होतं. आधी प्रत्येक फोनला स्वतःची तार होती. आता बोलण्याचे बारीक तुकडे होऊन ते कॉम्प्युटरच्याच तारांमधून धावणार होते. त्या तारांवर टपून बसलेल्या कुणाला ते तुकडे गोळा करून ऐकता येऊ नयेत, म्हणून ते कुलूपबंद करून पाठवायचे. एवढं सांगितलं की त्या मान डोलावतील आणि मी सहाच्या गाडीनं पुण्याला निघेन, असा माझा हिशोब होता.

"दोन्ही फोनांकडंच असते," मी म्हणालो. "फोन लागताना ते एकमेकांना देतात."

"देतात कशी पण?"

"आतल्या आत."

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

कलावती हत्तुरे त्या वेळी चोपन्न वर्षांच्या होत्या. त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी त्याच काचेच्या खोलीत काढली होती, रिसेप्शनला लागून, फोनच्या मशीनच्या खोलीच्या समोर. नवरा लवकर गेलेला. एकुलती मुलगी मैंदर्गीला दिलेली. कारखान्यात लहानमोठे सगळे त्यांना कलाताई म्हणत, थोरले मालक विश्वनाथरावसुद्धा. धाकटे मालक अरविंदराव तेवढे हत्तुरेबाई म्हणायचे.

"एक सांगते तुला, गुरुनाथ," वही मिटत त्या म्हणाल्या. "जुन्या बोर्डावर मी बसले तेव्हा शिकवणाऱ्या बाई होत्या डिसूझा म्हणून. फोन जोडून दिला की कान काढून घ्यायचा, असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. पुढं काय बोलतात ते आपलं नाही. मी हेडफोन गळ्यात उतरवते, तो घंटी वाजली की परत कानाला. सव्वीस वर्षांत एकदाही चुकले नाही. थोरल्या साहेबांचे वडील वारले तो फोनसुद्धा माझ्याच हातून जोडला गेला. आत रडं सुरू झालं तेव्हा मला कळलं."

त्यांनी नव्या फोनवरच्या एका बटणावर बोट ठेवलं. "हे मध्ये शिरायचं म्हणालास ना? ह्याची मला गरज नाही. काढून टाक."

"विश्वनाथरावांनीच ठेवायला सांगितलंय. ते बोलत असताना परदेशातून फोन आला तर तुम्ही मध्येच सांगायचं."

"चुकून दाबलं गेलं तर?"

"नाही दाबलं जात," मी म्हणालो.

मी सव्वीस वर्षांचा होतो. त्यांच्या नोकरीएवढं माझं वय, आणि माझी नोकरी जेमतेम दोन वर्षांची. त्यांनी मला डब्यातली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खायला घातली, बार्शीला माझी आई एकटीच असते हे विचारून घेतलं आणि "दर रविवारी फोन करत जा तिला" असं बजावलं.

'आतल्या आत' हे मी जे म्हणालो, ते खरं नव्हतं.

फोनवर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे बोलणं. दुसरी म्हणजे बोलण्याआधीची निरोपानिरोपी: कोण कुणाला फोन करतोय, कुठला नंबर फिरवला, पलीकडे घंटी वाजली, उचलला. बोलण्याच्या कुलपाची किल्ली ह्या निरोपातूनच जाते. बोलण्याला मी कुलूप घातलं होतं. निरोप मात्र उघडेच ठेवले होते. म्हणजे कपाटाला कुलूप आणि किल्ली त्याच खोलीत टेबलावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. निरोपांनाही कुलूप घालायचं तर साठही फोनांत ओळखपत्रासारखी एकेक फाईल हातानं भरावी लागत होती. दोन दिवसांचं काम. त्यातले अकरा फोन ती फाईल घेतच नव्हते.

मी पुण्याला आमच्या पोतनीस साहेबांना विचारलं होतं.

"पडद्यावर कुलूप दिसतंय ना?" ते म्हणाले.

"दिसतंय, पण किल्ली..."

"म्हेत्रे, त्यांना कुलूप हवं होतं, कुलूप दिलं. साताऱ्याचं काम सोमवारी सुरू करायचंय. किल्लीचं पुढच्या फेरीत बघू."

पुढची फेरी कुणी ठरवलीच नाही. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर 'संपूर्ण सुरक्षित' अशी ओळ होती. तिच्याखाली सही माझी होती.

सात आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, विश्वनाथरावांचा स्वतःचा फोन आला. "आत्ता निघा," एवढंच म्हणाले. मी दुपारी दोनला सोलापुरात पोचलो. ते बैठकीत होते. मला बसायला सांगितलं होतं, पण काय झालंय ते रिसेप्शनवरच कळलं. सबंध ऑफिस दबक्या आवाजात तेच बोलत होतं.

दोघा भावांत वाटण्यांची बोलणी चालली होती. मंगळवारी अकरा वाजता विश्वनाथराव आपल्या केबिनमधून वकिलांशी बोलले. रंगाई खातं आणि अक्कलकोट रस्त्यावरची जागा आपल्याकडे कशी ठेवायची ते ठरवताना ते म्हणून गेले, "आईची सही मी घेऊन टाकतो, तिला वाचून दाखवायची काही गरज नाही." बुधवारी रात्री जेवणाच्या पानावर, आई समोर बसलेली असताना, अरविंदरावांनी तेच वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. आई ताटावरून उठून गेली.

मी मशीनच्या खोलीत गेलो. समोर काचेपलीकडे कलाताई बसल्या होत्या. हेडफोन गळ्यात. मला बघून त्यांनी हात केला, पण नेहमीसारखं हसल्या नाहीत. त्या खोलीत मी वीस मिनिटं होतो. मग शिपाई बोलवायला आला.

केबिनमध्ये विश्वनाथराव उभे होते. शेजारच्या खुर्चीत अरविंदरावांचा मुलगा निनाद. तो पुण्याहून इंजिनिअर होऊन आला होता आणि इमारतीतली सगळी कॉम्प्युटरची जोडणी त्याच्याच ताब्यात होती. मला तारा ओढताना त्यानंच मदत केली होती. पायावर पाय टाकून तो निवांत बसला होता.

"बसू नका, म्हेत्रे," विश्वनाथराव म्हणाले. "एकच विचारतो. मी फोनवर बोलत असताना ऑपरेटरला ऐकता येतं का?"

मी निनादकडे पाहिलं.

"काका, मी सांगितलं ना तुम्हाला," निनाद म्हणाला. "बाकी सगळं कुलूपबंद आहे. त्यांनीच लिहून दिलंय. फक्त ऑपरेटरच्या फोनवर ते बटण आहे."

"मी ह्यांना विचारतोय." विश्वनाथराव माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल होते. आदल्या रात्री ते झोपले नसावेत. "येतं का ऐकता? हो की नाही?"

"येतं," मी म्हणालो.

"मला न कळता?"

"हो."

ते खुर्चीत बसले. मग शिपायाला म्हणाले, "कलाताईंना बोलव."

मला जायला सांगितलं नाही म्हणून मी तिथंच भिंतीला लागून उभा होतो. कलाताई आल्या. पदरानं हात पुसत आल्या, बहुतेक डबा धूत होत्या.

"मंगळवारी माझा फोन वकिलांना तुम्हीच जोडलात ना?"

"होय साहेब."

"आणि पुढं ऐकलात."

त्यांना आधी नीट समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी निनादकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नाही साहेब," म्हणाल्या. "जोडून दिला आणि कान काढला."

"हे इंजिनिअर सांगतायत की ऐकता येतं."

"येत असेल. मी ऐकलं नाही."

"मग अरविंदला कुणी सांगितलं? भिंतींनी?" त्यांचा आवाज चढला आणि बाहेरची टायपिंगची टकटक थांबली. "माझ्या आईनं काल रात्रीपासून पाणी घेतलेलं नाही. सव्वीस वर्षं तुम्हाला ताई म्हणत आलो मी."

कलाताई पुन्हा माझ्याकडे वळल्या. "गुरुनाथ, तू सांग की रे. ते मशीन सगळं लिहून ठेवतं म्हणाला होतास ना?"

मी म्हणालो, "बघावं लागेल."

"आता बघायचं काय राहिलंय," निनाद म्हणाला.

पुढचं लवकर झालं. विश्वनाथरावांनी पोलिसांचं वगैरे नाव काढलं नाही. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. त्या रडल्या नाहीत, वाद घातला नाही. काचेच्या खोलीत जाऊन त्यांनी आपला डबा, वही, चष्म्याचं घर पिशवीत भरलं. हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं त्यांचा हात पुढं गेला आणि मध्येच थांबला. फोन वाजत राहिला. सगळं ऑफिस खाली मान घालून बसलं होतं. त्या रिसेप्शनमधून, फाटकाकडच्या उन्हातून चालत गेल्या आणि मी सहाची गाडी पकडली.

त्यांच्याबद्दल मला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. सोलापुरात त्यांना काम मिळालं नाही. एका दवाखान्यात फोनवर बसायची जागा होती, तिथल्या बाईंनी आधी हो म्हटलं, मग कुठून तरी ऐकलं आणि नको म्हणाल्या. चोरून ऐकणारी ऑपरेटर कोण ठेवणार? चार महिन्यांनी त्यांनी भाड्याची खोली सोडली आणि मैंदर्गीला मुलीकडे गेल्या. मुलीच्या सासरीही ती गोष्ट त्यांच्या आधी पोचली होती.

मी सातारा केलं, मग सांगली, मग नगर. प्रत्येक ठिकाणी निरोपांनाही कुलूप घातलं. पोतनीस साहेब ओरडले तरी दोन दिवस जास्त राहिलो. देगावकरांकडे मात्र गेलो नाही.

आठ महिन्यांनी विश्वनाथरावांचा पुन्हा फोन आला. ह्या वेळी आवाज अगदी खाली होता.

भावांचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. तडजोडीच्या एका बैठकीत भांडण हातघाईवर आलं आणि निनादनं रागाच्या भरात आपला लॅपटॉप उघडून मंगळवारचं ते सगळं बोलणं ऐकवलं. वकिलांचा आवाज, काकांचा आवाज, मधला खोकला, सगळं स्वच्छ. असे चाळीस फोन त्याच्याकडे होते.

"हे कसं शक्य आहे, म्हेत्रे?" मी समोर बसल्यावर त्यांनी विचारलं. त्याच केबिनमध्ये. काचेच्या खोलीत आता कुणीच नव्हतं. आलेला फोन एक रेकॉर्ड केलेली बाई उचलत होती.

मी त्यांना सांगितलं. बोलण्याचं कुलूप, उघडे निरोप, त्यातून जाणारी किल्ली. निनादच्या हातात सगळ्या तारा होत्या. निरोपातली किल्ली उचलायची आणि कुलूप उघडायचं, एवढंच त्याला करावं लागलं होतं.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "तुम्ही संपूर्ण सुरक्षित असं लिहून दिलं होतं."

"हो."

"आणि त्या दिवशी मी विचारलं तेव्हा हे सांगितलं नाहीत."

"तुम्ही ऑपरेटरचं विचारलं होतं. मी तेवढ्याचंच उत्तर दिलं."

"खरं आहे. मी तेवढंच विचारलं." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला तेवढंच ऐकायचं होतं. घरातलं कुणी असेल हे मला ऐकायचं नव्हतं. परकी बाई असलेली बरी." मग ते उठले. "चला. मैंदर्गीला जाऊ."

"मी?"

"मी एकटा गेलो तर त्यांना वाटेल दया करायला आलो. तुम्ही सांगा, काय झालं होतं ते."

गाडी ते स्वतःच चालवत होते. मैंदर्गीत मुलीचं घर बाजाराच्या मागं होतं, पुढं अंगण, कडेला शिवणयंत्र ठेवलेली पडवी. कलाताई पडवीत ज्वारी निवडत होत्या. आठ महिन्यांत खूप बारीक झाल्या होत्या. आम्हाला बघून सूप बाजूला ठेवलं आणि उभ्या राहिल्या.

"या साहेब," म्हणाल्या. जणू काचेच्या खोलीतूनच.

विश्वनाथराव अंगणातच उभे राहिले. चप्पल काढली. हात जोडले. बोलायला लागले आणि पहिल्याच वाक्यात अडखळले. मला बोलायची वेळच आली नाही. त्यांनीच सगळं सांगितलं, निनादचं, लॅपटॉपचं, कुलूपकिल्लीचं, अर्धवट आणि चुकीच्या क्रमानं. "माझी चूक झाली, कलाताई. परत चला. तुमची खोली तशीच आहे."

"बसा आधी," त्या म्हणाल्या. मुलीला हाक मारून चहा टाकायला सांगितला. "गोळ्या घेता ना वेळेवर? चेहरा उतरलाय."

"तुम्ही येणार ना?"

"नको साहेब. आता बोर्डच राहिला नाही म्हणतात. आणि माझा मलाच भरवसा वाटत नाही."

त्याचा अर्थ विश्वनाथरावांना कळला नाही, मलाही नाही. चहा झाल्यावर विश्वनाथरावांचा मोबाईल वाजला. घरून होता. बोलायला ते अंगणाबाहेर गेले. मुलगी कपबशा घेऊन आत गेली. पडवीत आम्ही दोघंच उरलो.

कलाताईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. ज्वारीत बोटं फिरवत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "गुरुनाथ, त्या दिवशी साहेबांकडं जायच्या आधी तू मशीनच्या खोलीत होतास. मी समोरच बसले होते. वीस मिनिटं. काय बघत होतास?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. विश्वनाथरावांना सगळं सांगितलं तेव्हाही एवढं वगळलं होतं.

"नोंदी," मी म्हणालो.

"मंगळवारच्या?"

"हो. अकरा वाजल्यापासूनच्या. कुठला फोन कुणी जोडला, मध्ये कोण शिरलं, किती वेळ, सगळं असतं त्यात."

"मग? माझं नाव होतं त्यात?"

"नव्हतं."

त्यांची बोटं थांबली.

"तुम्ही फोन जोडून दिलात आणि दोन सेकंदांत बाजूला झालात. नंतर शिरला नाहीत. त्या दिवशी नाही आणि कधीच नाही. सातही आठवडे बघितले मी. ते बटण एकदाही दाबलं गेलं नव्हतं."

मला वाटलं, आता त्या सूप फेकून मारतील. मारायला हवं होतं. पण त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. मग त्यांना रडू आलं. केबिनमध्ये न आलेलं, फाटकातून जाताना न आलेलं.

"मला वाटायचं, माझ्याच हातून झालं असेल," त्या म्हणाल्या. "साहेबांनी आता सांगितलं तरी मनातून जाईना. नवं मशीन होतं. चुकून बोट लागलं असेल, स्पीकर चालू राहिला असेल, आणि बाहेर बाकावर अरविंदरावांचा ड्रायव्हर बसायचा, त्यानं ऐकलं असेल. रोज मी तो मंगळवार आठवते, गुरुनाथ. रोज. सकाळी उठून हाताकडं बघते. कुठलं बोट होतं, कुठं ठेवलं होतं. सव्वीस वर्षांत चुकले नाही म्हणून सगळ्यांना सांगत होते आणि रात्री वाटायचं, चुकलीस, कलावती."

मी खाली सांडलेले ज्वारीचे दाणे वेचू लागलो.

त्यांनी डोळे पुसले. "कुणालाच सांगितलं नव्हतं मी हे. मुलीलापण नाही."

"कलाताई, मी..."

"आई कशी आहे तुझी?"

"बरी आहे."

"फोन करतोस?"

"करतो."

अंगणातून पावलं वाजली. त्यांनी पदर सारखा केला. मी आधीच नोंदी बघितल्याचं त्यांनी विश्वनाथरावांना सांगितलं नाही. मीही नाही. परत जाताना गाडीत विश्वनाथरावांनी विचारलं, "काय म्हणत होत्या?" मी म्हणालो, "तुमच्या तब्येतीचं विचारत होत्या."

पोतनीस साहेबांची नोकरी मी त्याच वर्षी सोडली. जाण्याआधी देगावकरांकडे दोन दिवस राहून निरोपांना कुलपं घातली. जे अकरा फोन घेत नव्हते ते काढून टाकायला लावले. ते काम आधीही दोन दिवसांतच झालं असतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका दुपारी, अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज.

"म्हेत्रे का? मी कलावती हत्तुरेंची मुलगी, सुवर्णा. आई गेली. आठ दिवस झाले. झोपेतच." तिनं नाक पुसल्याचा आवाज आला. "रविवारी कार्य आहे. कारखान्यातली माणसं येतील. एक मागायचं होतं तुमच्याकडं."

"बोला ना."

"आई सगळ्यांना सांगायची, मशीनमध्ये माझं नाव नव्हतं, त्या मुलानं स्वतः बघितलं, विचारा त्याला. पण तुम्हाला कोण विचारायला येणार? साहेब माफी मागून गेले तरी लोकांनी त्याचा अर्थ असा केला की साहेबांनी हिलाच माफ केलं. ती घरची भानगड साहेबांनी चारचौघांत सांगितली नाही, गैरसमज झाला होता एवढंच म्हणाले. परवा सांत्वनाला आलेल्या एक बाई आतल्या खोलीत म्हणाल्या, हातून घडलं बिचारीच्या, पण मनानं चांगली होती. मी ऐकलं ते. तुम्ही येऊन दोन शब्द सांगाल का? एवढ्यासाठीच फोन केला."

मी गेलो. अंगणात मांडव घातला होता. साठसत्तर माणसं होती. त्यातली निम्मी सोलापूरची, कारखान्यातली. ऑफिसातल्या, त्या दिवशी खाली मान घालून बसलेल्या बायका. विश्वनाथराव काठी घेऊन खुर्चीवर बसले होते. पुढच्या रांगेत शंकरअप्पा नावाचे मागावरचे म्हातारे होते. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळं त्यांना फार कमी ऐकू यायचं. पानं मांडायच्या आधी सुवर्णानं सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. हात कुठं ठेवावेत ते कळेना.

"मी गुरुनाथ म्हेत्रे," मी म्हणालो. "देगावकरांकडचे फोन मी बसवले. कलाताईंनी कुणाचंही बोलणं ऐकलं नव्हतं. ज्यानं ऐकलं त्यानं तारेवरून ऐकलं, आणि ती तार मी उघडी ठेवली होती. मशीनमध्ये सगळी नोंद होती. ती मी त्याच दिवशी, साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याआधी, वीस मिनिटं वाचली होती. कलाताईंचं नाव त्यात नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मला विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही."

विश्वनाथरावांनी मान वर केली. त्यांनी इतका वेळ माझ्याकडे बघितलं की मला नजर काढून घ्यावी लागली. कुठं तरी पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

शंकरअप्पा शेजारच्याच्या अंगावर वाकले होते. शेजारचा त्यांच्या कानात माझी वाक्यं एकेक करून सांगत होता आणि ते मान हलवत होते. मग त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मी दोन पावलं पुढं झालो.

"माहीत हुतं म्हणतोस," ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात ते म्हणाले. "मग तवा का नाय बोललास रं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सुवर्णा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"भीती वाटली," मी म्हणालो.

"आं?"

"भीती वाटली मला."

त्यांनी कानामागं हात धरला, चेहरा आक्रसला, आणि नाहीच ऐकू आलं म्हणून शेजारच्याकडे वळले.

"काय म्हंतोय त्यो?"

शेजारच्यानं त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "भ्याला म्हंतोय, अप्पा! भ्याला!"